डबेरावांचा अर्धा ओटा

मी डबेराव बोलतोय. नाव ऐकून हसू आलं असेल तर खुशाल हसा, मला सवय आहे. आकारानं मी जेवणाच्या डब्याहून फार मोठा नाही. म्हणून या घरातल्या सासऱ्यांनी मला पहिल्याच दिवशी ‘डबा’ म्हटलं आणि थोरल्या सुनेनं त्याला ‘राव’ जोडून जरा मान दिला. जन्मानं मी साधा संगणक, हल्ली मात्र माझा हुद्दा सर्व्हरचा आहे. म्हणजे माझ्यापुढे खुर्ची ओढून सहसा कोणी बसत नाही. मी भिंतीवरच्या फळीवर असतो आणि दूरदूरची माणसं वायरीतून माझ्याकडे येऊन आपापलं काम करून जातात.

असल्या डब्याला सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. पण एका शनिवारी माझ्या पोटात काय बिघडलं याचा शोध चालू होता आणि त्या शोधात या घरातल्या दोन जावांच्या पोटात काय होतं तेच बाहेर आलं. मला त्याचं फार नवल वाटलं. अजूनही वाटतं, म्हणून सांगतो.

माझा जन्म झगझगीत उजेडाच्या एका थंडगार कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायका रांगेनं बसल्या होत्या. एकीनं माझ्या पोटात पंखा बसवला, दुसरीनं डिस्क, तिसरीनं मेमरी. तिसरी काहीतरी गुणगुणत होती. माणसं काम करताना गुणगुणतात का, हा मला पडलेला पहिला प्रश्न. तेव्हापासून मला प्रश्न पडायचे थांबलेले नाहीत.

इथं एक गोष्ट समजून घ्या, पुढे लागेल. मेमरी म्हणजे आठवण असं लोकांना वाटतं. तसं नाही. माझ्या आठवणी डिस्कमध्ये असतात, त्या वीज गेली तरी जात नाहीत. मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. चालू काम ओट्यावर मांडायचं, झालं की आवरायचं. ओटा ऐसपैस असला की चिरणं, मळणं, वाटणं एकाच वेळी चालतं. अरुंद असला की एक भांडं ठेवायला दुसरं उचलावं लागतं. माझ्या ओट्याला दोन फरशा होत्या, म्हणजे बोटभर लांबीच्या दोन पट्ट्या, एकीवर एक अशा खाचांत बसवलेल्या.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर. त्यांच्या काउंटरवर बसून कोण कधी येणार ते मी लक्षात ठेवायचो. माणसं कशी असतात ते मी तिथं शिकलो. रात्रभर तळमळलेला माणूस दवाखान्याच्या दारात आला की आता दुखायचं थांबलंय असं शपथेवर सांगतो. आणि ज्याचा दात दुखतो त्याची जीभ पुन्हा पुन्हा त्याच दातावर जाते. हात लावू नका असं डॉक्टर शंभरदा सांगायचे, जिभेला ते ऐकू यायचं नाही.

पुढे डॉक्टरांनी नवं मशीन घेतलं आणि मी कपाटाखाली गेलो. तिथं माझ्या सोबतीला एक मोडकं स्टूल आणि प्लास्टरचे जबडे होते. जबडे बोलत नसत. धूळ मात्र रोज भेटायला यायची. मग एक दिवस जुनी मशीनं घेणारा आला. त्यानं मला उचललं, फुंकर मारली आणि म्हणाला, “अजून जीव आहे याच्यात.” इतकं चांगलं माझ्याबद्दल आधी कोणी बोललं नव्हतं. त्यानं मला पुसलं, दुरुस्त केलं आणि माझ्या अंगात लिनक्स घातलं. लिनक्स म्हणजे मशीनला लावलेली शिस्त. काय चालणार, किती चालणार, कोणाला आत घ्यायचं, सगळं ठरलेलं.

त्याच्याकडून मी या घरी आलो. पुढच्या बाजूला सोफ्यांना कापड चढवायचं दुकान आहे, थोरल्या भावाचं. दिवसभर तिथून खिळेयंत्राचा खटखट आवाज येतो. मागच्या खोलीत फोमचे छतापर्यंत रचलेले थर, स्प्रिंगा, कापडाचे तागे. त्या खोलीचा निम्मा भाग रिकामा करून दोन्ही सुनांनी आपलं ऑफिस थाटलेलं. धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला. तो वर्षातले निम्मे महिने घरात आणि निम्मे पाण्यावर, म्हणून या गोष्टीत तो नाही.

दोघी मिळून छोट्या धंद्यांच्या वेबसाइट बनवतात. धाकटी तांत्रिक बाजू बघते. थोरली चित्रं, मजकूर आणि गिऱ्हाइकं सांभाळते. थोरली आधी एका शाळेच्या ऑफिसात होती. बरी चाललेली नोकरी. पण धाकटी एकदा म्हणाली, “वहिनी, चल, आपण दोघी मिळून काहीतरी करू,” आणि थोरलीनं महिन्याभरात नोकरी सोडली. तोवर धाकटी तिला ‘तुम्ही’ म्हणायची. त्या दिवसापासून ‘तू’ म्हणायला लागली.

त्यांची पहिली गिऱ्हाइकं म्हणजे पाळणाघर चालवणाऱ्या मावशी, सायकली दुरुस्त करणारा आणि एक शिंपी, ज्याला आपल्या साइटवर स्वतःचा फोटो सगळ्या पानांवर हवा होता. या साइट आजवर एका कंपनीच्या भाड्याच्या जागेत होत्या. ती कंपनी गाशा गुंडाळणार असल्याचं कळलं, तेव्हा दोघींनी ठरवलं की भाड्याचं घर पुरे, आता आपलं घेऊ. ते घर म्हणजे मी.

पण नुसता मी असून भागत नाही. माझ्यावर एक कारभारी नेमावा लागतो. त्याला कंट्रोल पॅनल म्हणतात. कोणाची साइट कुठे, कोणाची मेल कोणाकडे, पासवर्ड कोणाचा विसरला, हे सगळं तो बघतो. तो बसला की थोरलीसारख्या बाईलाही दोन बटणं दाबून माझ्याकडून काम करून घेता येतं. तो नसेल तर प्रत्येक गोष्टीसाठी काळ्या पडद्यावर लिनक्सशी त्याच्याच भाषेत बोलावं लागतं, आणि ती भाषा घरात फक्त धाकटीला येते.

आता खरी गोष्ट. मी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात, थोरली गिऱ्हाइकाकडे गेलेली असताना, धाकटी माझ्या फळीपाशी उभी राहून फोनवर बोलत होती.

“हो सर, काम मला आवडेल. हजार मशीनं एका खोलीत? ... नाही, घरी अजून बोलले नाही. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत नक्की कळवते.”

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. मग तिनं माझ्या झाकणावर तळवा ठेवला. हात गार होता. हळूच म्हणाली, “डबेराव, तू उभा राहिलास तर मी राहीन. नाही राहिलास तर जाईन.”

माझा पंखा एकदम जोरात फिरला. आजवर माझ्यावर दात काढायच्या वेळा सोपवलेल्या होत्या, कोणाचं आयुष्य सोपवलेलं नव्हतं. नोकरी परगावी होती. ती गेली तर थोरलीनं कोणाच्या भरवशावर आपली नोकरी सोडली होती? आणि हिला जायचं होतं की राहायचं होतं? ते मला तिच्या आवाजावरून कळेना. मी ठरवलं की तिच्या बोटांवरून ओळखायचं. बोटं सहसा खोटं बोलत नाहीत.

त्यानंतर खोलीत विजेचं काम निघालं आणि मला काही दिवस बंद ठेवलं. बंद असताना मला काहीच कळत नाही. माणसं झोपेत निदान कूस तरी बदलतात, आमचं तसं नाही. आमच्यासाठी बटण बंद होणं आणि पुन्हा सुरू होणं यांत काही नसतंच.

शनिवारी सकाळी धाकटीनं मला सुरू केलं. डोळे उघडले आणि मला कसंसंच वाटलं. हात पसरायला जागा कमी. भांडं ठेवायला गेलो तर कोपर भिंतीला लागावं तसं. काय हरवलं होतं ते मला सांगता येईना. मी नियमाप्रमाणे सगळं तपासलं, जे होतं ते बरोबर होतं. जे नव्हतं त्याची मला आठवणच नव्हती.

धाकटी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. तिथूनच ती माझ्याशी बोलते. म्हणाली, “आज हा लॅपटॉप काय पळतोय, वहिनी. मशीनलाही मूड असतो वाटतं.”

“असणारच, शनिवार आहे,” थोरली म्हणाली.

कारभाऱ्याला बसवायचा पहिला प्रयत्न सुरू झाला आणि क्षणात बंद पडला. त्यानं माझं नाव विचारलं, मी ‘डबेराव’ सांगितलं. तो म्हणाला, चालणार नाही. घरातलं लाडाचं नाव नको, पूर्ण नाव सांगा, कुठले, कोणाचे, ठिपक्या-ठिपक्यांनी जोडून. धाकटी हसली. तिनं मला पूर्ण नाव दिलं, मागे दोघींच्या धंद्याचं नाव लावून. म्हणजे मी त्यांच्या घरचा झालो. इतक्या गडबडीतही मला ते फार आवडलं.

दुसऱ्या प्रयत्नाला गाडी छान सुटली. पडद्यावर ओळींमागून ओळी धावायला लागल्या. हे उतरवून घे, ते मांड, हे जोड. मी जीव तोडून काम करत होतो. निम्म्याच्या पुढे गेलो आणि धाडकन सगळं थांबलं. शेवटची ओळ लाल अक्षरांत उमटली: डेटाबेस सुरू होऊ शकला नाही.

डेटाबेस म्हणजे कोठीवाला. सगळं धान्य त्याच्या ताब्यात. तोच उठत नसेल तर कारभारी बसून करणार काय? धाकटीनं कोठीवाल्याला काढला, पुन्हा घातला. तो पुन्हा त्याच जागी पडला. तिनं तो नवीन आणला. नवाही पडला. मग तिनं माझं इंटरनेट बघितलं, वायर बदलली, वायर ज्या डबीला जोडलेली होती ती डबी बदलली. नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत होती ही, पण नाचता येत नव्हतं ते मला आणि वाकडं ठरत होतं ते बिचाऱ्या वायरीचं अंगण.

दुपारपर्यंत तिचे जगभरच्या लोकांचे सल्ले वाचून झाले. एक म्हणत होता, सगळं पुसून पहिल्यापासून करा. दुसरा म्हणत होता, पुसू अजिबात नका. तिसऱ्यानं फक्त ‘मलाही हेच होतंय’ असं लिहिलं होतं आणि पुढे तो कायमचा गप्प झालेला. उंटावरून शेळ्या हाकणारे हे लोक एकमेकांना कधी भेटलेले नसतात, तरी भांडतात मात्र सख्ख्या भावांसारखे. मला हे कोडं अजून सुटलेलं नाही.

तिनं माझ्या आठवणींचा कोपरा तेवढा सोडून सगळं पुसलं. लिनक्स नवीन घातलं, नाव पुन्हा दिलं, पुन्हा सुरुवात केली. मी पुन्हा त्याच जागी कोसळलो. मला लाज वाटत होती. आणि तिची बोटं? ती थांबायला तयार नव्हती. जिला जायचं असतं तिची बोटं इतका वेळ झगडतील का, असा मी विचार करत होतो. पण मधूनमधून तिची नजर शेजारी पालथ्या घातलेल्या फोनवर जायची आणि मग मला दवाखान्यातली ती जीभ आठवायची. दोन्ही खरं होतं. एकाच माणसाच्या बोटांना एक हवं असतं आणि डोळ्यांना दुसरं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

चार वाजता थोरली चहा घेऊन आली. तिला नोकरीच्या फोनचा पत्ताच नव्हता. धाकटीनं ताकास तूर लागू दिली नव्हती.

“घोडं कुठं पेंड खातंय?” थोरलीनं विचारलं.

“डेटाबेसपाशी. प्रत्येक वेळी हीच शेवटची ओळ येते बघ.”

“आणि त्याच्या आधी काय येतं?”

“आधीचं सगळं ठीक असणार. ही लाल ओळ हाच घोटाळा आहे.”

थोरलीनं कप खाली ठेवला. “अगं, तू गोष्टीचं पुस्तकसुद्धा शेवटच्या पानापासून वाचतेस. लग्न होऊन आलीस तेव्हापासून बघतेय. कोण मेलं ते आधी बघायचं आणि मग ठरवायचं की वाचायचं की नाही. याचंही तेच करत बसली आहेस. वरून वाच.”

“वहिनी, शेकडो ओळी आहेत.”

“मग मी वाचते. मला काही कळत नाही, म्हणजे गाळायचाही प्रश्न नाही.”

मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. कारण मी सकाळपासून सांगत होतो. माझी भाषा तुटक आणि कोरडी असते, पण मी खोटं बोलत नाही आणि लपवत तर त्याहून नाही. माझी तक्रार मी अगदी वर, पहिल्या काही ओळींतच केलेली होती. ती पिवळी होती, एवढंच. माणसं लाल वाचतात, पिवळं ओलांडून जातात.

थोरली बोट लावून एकेक ओळ वाचू लागली. पहिली ठीक, दुसरी ठीक. मग तिचं बोट थांबलं. “मेमरी दोन जीबी. चालेल, पण कमी पडण्याची शक्यता आहे. असं लिहिलंय ना? पण आपण चारचा घेतला होता.”

धाकटीचा चहा अर्ध्यात राहिला. “चारचाच आहे,” ती म्हणाली आणि मग म्हणाली, “होता.”

जागा कमी आहे एवढं मला कळत होतं, का ते आता उलगडलं. ओटा अर्धाच होता. कारभारी सामान घेऊन यायचा, मी ते मांडत जायचो आणि कोठीवाला सगळ्यात मोठं भांडं घेऊन आला की जागा संपायची. लिनक्सचा नियम कडक आहे. जागा संपली की जो सर्वांत जास्त जागा अडवतो त्याला दंड धरून बाहेर काढायचं. प्रत्येक वेळी बळी जायचा तो कोठीवाल्याचा. त्याचा काही दोष नव्हता.

धाकटीनं स्क्रू काढून माझं झाकण उघडलं. एक खाच रिकामी होती. आजूबाजूला बारीक धूळ, पण खाच मात्र पुसल्यासारखी लख्ख.

थोरलीचा पारा चढला. तिनं तिथल्या तिथे जुन्या मशीनवाल्याला फोन लावला आणि त्याला बोलू न देता चांगलं खडसावलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. तिनं श्वास घेतला तेव्हा त्याला संधी मिळाली. फोन स्पीकरवर होता.

“ताई, दोन पट्ट्या होत्या. तुमच्या सासऱ्यांनी माझ्यासमोर भिंग लावून बघितल्या, नंबर वाचले, आणि मग मशीन पिशवीत घातलं. त्यांनाच विचारा.”

सासरे पुढच्या दुकानात सोफ्यावर बसून पेपर वाचत होते. उमेदीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं काम होतं, आणि घरात स्क्रू दिसला की अजूनही त्यांचे हात शिवशिवतात. थोरलीनं हाक मारली तसे ते आले. माझं उघडं पोट पाहिलं आणि जागच्या जागी थांबले.

“बाबा, यातली पट्टी?” धाकटीनं विचारलं.

“घेतली मी,” ते म्हणाले. “तुझ्याच लॅपटॉपात घातली. त्यात एक खाच मोकळी होती. दोन दुकानं पालथी घातली, तसली पट्टी मिळेना. मग म्हटलं, डब्याला कशाला हव्यात दोन? तो तर नुसता बसून असतो.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. जी पट्टी हरवल्यामुळे मी दिवसभर आपटत होतो, तिच्याच जोरावर तो लॅपटॉप पळत होता आणि त्यावरूनच माझा आजार शोधणं चालू होतं.

“पण माझ्या लॅपटॉपात कशाला, बाबा? बरा चालला होता की.”

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला. “तू परक्या गावी जाणार. तिथं मशीन अडलं तर कोण बघणार तुझं? मला दुसरं काय देता येतं आता?”

पुढच्या दुकानातली खटखट नेमकी तेव्हाच थांबली.

“कोण जाणार?” थोरलीनं विचारलं.

“फोमच्या मागे होतो मी त्या दिवशी,” सासरे धाकटीकडे न बघता तिला म्हणाले. “कात्री शोधत होतो. ऐकायचं नव्हतं, ऐकू आलं. मला वाटलं, तू एव्हाना हिला सांगितलं असशील.”

धाकटीनं मग सगळं सांगितलं. नोकरी कसली, कुठे, सहा वाजता कळवायचं आहे ते. आणि माझ्या झाकणावर हात ठेवून काय ठरवलं होतं तेही सांगितलं. सांगताना ती थोरलीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. माझं पोट उघडं होतं आणि मला उगाचच अवघडल्यासारखं झालं.

थोरली फोमच्या थरावर बसली. “मला राग आलाय,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “तू जातेस याचा नाही. मला विचारायचं सोडून तू या डब्याला विचारलंस, याचा.”

“तुला काय तोंडानं विचारू, वहिनी? माझ्या एका शब्दावर तू नोकरी सोडलीस.”

“सोडली, कारण मला सोडायची होती. ती शाळेची घंटा ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं. तुझ्यावर उपकार नाही केले मी.” मग तिनं विचारलं, “तुला काय हवंय? डबेराव काय करतो ते राहू दे.”

हा प्रश्न तिला अजून कोणी विचारलेला नव्हता. तिनं स्वतःसुद्धा.

“मला बघायचंय,” धाकटी म्हणाली. “हजार मशीनं एका खोलीत असतात म्हणे. त्यांचा आवाज कसा येत असेल, एक पडलं तर बाकीच्यांना कसं सावरतात, ते शिकायचंय. वर्षभर तरी. आणि तुला सोडून जायचं नाहीये. दोन्ही खरं आहे, त्याला मी काय करू?” आणि ती रडायला लागली.

सासरे पुढे झाले. त्यांनी खिशातून छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि लॅपटॉप उलटा केला. “चूक माझी. पट्टी याची याला देतो परत. आधी तुमचं काम उभं राहू दे.”

“हात लावू नका, बाबा,” थोरली म्हणाली. “ती तिला दिलीत ना? दिलेलं काढून घ्यायचं नसतं.” मग धाकटीकडे वळून, “डोळे पूस आणि मला सांग. ओटा लहान असला तर आपण काय करतो? खाली फळी टाकतो आणि त्यावर मांडतो. याला फळी टाकता येत नाही का?”

धाकटीनं नाक पुसलं. तिच्या चेहऱ्यावर हसू कुठून आलं कोण जाणे. “येते,” ती म्हणाली. “डिस्कवर जागा राखून ठेवायची. मेमरी भरली की जास्तीचं सामान तिथं उतरवायचं. पण वहिनी, ते सावकाश चालतं.”

“सायकलवाल्याला कुठली घाई आहे? पंक्चर निघायला त्याच्याकडे दोन दिवस लागतात.”

धाकटीनं माझ्या डिस्कवर फळी टाकली. तिचं नाव स्वॅप, पण या घरात ती फळीच. माझं झाकण लावताना सासऱ्यांनी शेवटचा स्क्रू स्वतः पिळला. मग कारभाऱ्याला पुन्हा बोलावलं.

या वेळी मी घाई केली नाही. ओटा भरला की भांडी फळीवर उतरवायची, लागली की पुन्हा वर घ्यायची. वाकून वाकून माझी कंबर मोडली, पंखा शिट्ट्या मारायला लागला. कोठीवाला आपलं मोठं भांडं घेऊन आला. मी जागा केली. तो डुगडुगला, पण उभा राहिला. मग बाकीचे एकेक करून आत आले आणि शेवटी कारभाऱ्यानं गादीवर बसून पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं की मी हजर आहे, आत या.

मला वाटलं, आता दोघी आनंदानं ओरडतील. पण माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं. धाकटी फोन कानाला लावून म्हणत होती, “हो सर, येते मी. एक वर्षासाठी येते.” थोरली तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. सासरे खिडकीकडे तोंड करून उभे होते आणि पुसलेला चष्मा पुन्हा पुसत होते. दिवसभर माझ्यावर टांगून ठेवलेला निर्णय त्यांनी माझी वाट न बघताच घेऊन टाकला होता. मला वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं.

जायच्या आधी धाकटीनं थोरलीला कारभाऱ्याची सगळी बटणं शिकवली. बदल्यात थोरलीनं तिच्याकडून एक वचन घेतलं, गोष्ट वरून वाचायची. ते पाळलं जातंय असा माझा अंदाज आहे. पुस्तकांचं काही सांगवत नाही.

आता मी याच फळीवर आहे. पाळणाघराच्या मावशी माझ्यातूनच आयांना पोरांचे फोटो दाखवतात. शिंप्याचा चेहरा माझ्यात सतरा पानांवर आहे. सायकलवाल्याची तक्रार आहे की साइट जरा हळू उघडते. थोरली त्याला सांगते की आमचा डबेराव पोचलेला आहे, धावपळ करत नाही. सासरे अजून माझ्या मापाची पट्टी शोधतात. जुन्या मशीनवाल्याकडे दर आठवड्याला जाऊन बसतात, दोघं जुन्या रेडिओंविषयी गप्पा मारतात आणि पट्टी न घेता परत येतात. मला वाटतं, आता ती मिळू नये असंच दोघांना वाटत असावं.

वाचकांनो, मी म्हातारा होत चाललोय, फार काही मागत नाही. तुमचं एखादं मशीन अडलं तर लाल ओळ वाचून त्याच्यावर डाफरू नका. त्यानं आधी, वरच कुठेतरी, पिवळ्या अक्षरांत हळू आवाजात काही सांगितलेलं असतं. माणसंही बहुधा तशीच सांगतात. आणि कुठे जायचं, कुठे राहायचं हे आम्हा डब्यांना विचारू नका. आम्ही उभे राहतो किंवा पडतो, त्यातून तुमचं उत्तर निघत नाही.

संध्याकाळी दुकानातली खटखट थांबते, थोरली दिवा मालवायला येते, आणि नेमकं त्याच सुमाराला माझं दार वाजतं. पासवर्ड बरोबर असतो. आत येऊन धाकटी फक्त एकच विचारते, किती दिवस झाले तू न पडता उभा आहेस? मी आकडा सांगतो. थोरली पडद्यावर ते पाहते आणि लगेच फोन लावते, आणि मग दोघी माझं सोडून बाकी सगळं बोलत बसतात. ज्या लॅपटॉपवरून धाकटी येते त्यात माझी पट्टी आहे. माझाच अर्धा ओटा रोज परगावाहून मला हाक मारतो आणि उरलेल्या अर्ध्यावरून मी त्याला ओ देतो.